साध्या जुन्या गाडीचा रास्त भाव कसा काढायचा?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या अंकासाठी आलेली पत्रं वाचून मला फार बरं वाटलं. एकाही पत्रात स्पोर्ट्‌स कारचा विषय नाही. सगळ्यांना हवी आहे ती एकेकाळी लोक ऑफिसला नेत, मुलांना शाळेत सोडायला काढत, तशी साधी गाडी. आणि तीही शक्यतो कारखान्यातून आली तशीच. जुन्या गाड्या तपासून त्यांची किंमत ठरवून देणं हे माझं रोजचं काम आहे आणि त्यात माझा सगळ्यात जास्त जीव आहे तो याच गाड्यांवर. म्हणून या वेळी संपादकांकडून थोडी जास्त जागा मागून घेतली.

प्रश्न: ताई, मला १९७०च्या दशकातली चार दरवाजांची साधी गाडी घ्यायची आहे. बरेच महिने जाहिराती पाहतोय. दिसतात त्या एक तर नव्याने रंगवून अवाच्या सवा भाव लावलेल्या, नाही तर रुंद चाकं आणि मोठा सायलेन्सर बसवलेल्या. जशाच्या तशा राहिलेल्या साध्या गाड्या गेल्या कुठे? शोधायच्या कुठे?

बहुतेक भंगारात गेल्या. त्या वाईट होत्या म्हणून नव्हे, स्वस्त होत्या म्हणून. महागड्या गाडीला पंधरा-वीस वर्षांनी मोठा खर्च निघाला तर मालक तो करतो. साध्या गाडीचा दाराखालचा पत्रा गंजला की दुरुस्तीचं बिल गाडीच्या किमतीच्या वर जातं आणि विषय तिथेच संपतो. पुढे सरकारी योजनांनीही हातभार लावला. २००९ साली अमेरिका, जर्मनी आणि ब्रिटनने जुनी गाडी मोडीत काढून नवी घेणाऱ्यांना पैसे दिले. अमेरिकेतल्या योजनेत इंजिनातलं तेल काढून त्यात सोडियम सिलिकेटचं द्रावण भरायचं आणि इंजिन जाम होईपर्यंत चालवायचं, अशी पद्धतच ठरवून दिली होती. तिथे पंचवीस वर्षांच्या आतल्याच गाड्या घेत, म्हणजे सत्तरच्या दशकातल्या त्यात नव्हत्या, तरी पावणेसात लाखांच्या आसपास गाड्या अशा कायमच्या संपल्या. त्यात अगदी धडधाकट इंजिनं होती, हे आठवलं की मला आजही वाईट वाटतं.

ज्या वाचल्या, त्यांतल्या अनेकांवर हौशी लोकांचे हात फिरले. फोर्ड एस्कॉर्टच्या पहिल्या दोन पिढ्यांतल्या दोन दारांच्या गाड्या रॅलीच्या गाड्यांसारख्या सजल्या. ८४८ सीसीच्या साध्या मिनीवर कूपरचे, म्हणजे मिनीच्याच वेगवान मॉडेलचे बिल्ले चढले. फोक्सवॅगन बीटल तर कापून त्यांच्या वाळूवर पळवायच्या उघड्या बीच बगी केल्या गेल्या. म्हणून माझा पहिला सल्ला असा की हौशी लोकांनी ज्यांच्याकडे पाठ फिरवली, त्याच गाड्या शोधा. चार दारं, सगळ्यात छोटं इंजिन, ऑटोमॅटिक गिअर, स्टेशन वॅगन, खाली कार्पेटऐवजी रबरी मॅट असलेलं बेस मॉडेल. अशा गाड्यांत मूळ स्थितीतली सापडण्याची शक्यता कितीतरी जास्त, आणि भावही कमी. तुम्हाला चार दारंच हवी आहेत, म्हणजे तुमचं अर्धं काम झालं आहे.

शोधताना ‘क्लासिक’ आणि ‘व्हिंटेज’ हे शब्द टाकूच नका. ज्याने जाहिरातीत ते शब्द लिहिले, त्याने भाव आधीच वाढवलेला असतो. सेकंडहँड गाड्यांच्या साध्या यादीत नुसतं मॉडेलचं नाव टाका, नावाची चुकीची स्पेलिंगंही टाकून पाहा. ज्याला आपली गाडी ‘क्लासिक’ आहे हे ठाऊकच नाही, त्याची गाडी तिथे असते. त्या मॉडेलच्या मालकांचा क्लब असेल तर आधी सभासद व्हा, गाडी नंतर घ्या. क्लबातली म्हातारी माणसं गाडी बहुतेक वेळा जाहिरातीविनाच, आपसात विकतात. त्यांना दोन पैसे कमी मिळाले तरी चालतात, गाडी चांगल्या हातात गेली पाहिजे एवढंच असतं. आणि जुने मिस्त्री. एखाद्या मॉडेलवर ज्याने वर्षानुवर्षं काम केलं आहे, त्याला कुठल्या शेडमध्ये कुठली गाडी झाकून ठेवली आहे, हे पाठ असतं.

पण माझ्या अनुभवात सगळ्यांत जास्त उपयोगी पडते ती तुम्ही स्वतः दिलेली ‘पाहिजे’ची जाहिरात. ती अशी लिहा: ‘१९७० ते ७९ मधली चार दारांची अमुक गाडी पाहिजे. मूळ रंग, मूळ चाकं, मूळ सीट असलेली. रंग उडालेला चालेल, सीट फाटलेली चालेल. गंजलेला पत्रा आणि बदललेलं इंजिन नको. मोडण्यासाठी नाही, चालवण्यासाठी हवी आहे.’ शेवटचं वाक्य गाळू नका. घरातली गाडी विकायला काढणाऱ्याला तेच वाचायचं असतं.

प्रश्न: मीटरवर ४८,००० किलोमीटर दिसतात. विकणारा म्हणतो, गाडी खरंच एवढीच चालली आहे. विश्वास ठेवावा का?

त्या काळच्या बहुतेक साध्या गाड्यांचं मीटर पाच आकडी असतं. ९९,९९९ नंतर ते पुन्हा शून्यावर येतं. त्यामुळे ४८,००० म्हणजे १,४८,००० असू शकतात, आणि विकणारा तिसरा-चौथा मालक असेल तर त्यालाही ते माहीत नसेल. मीटर किलोमीटरचं आहे की मैलांचं, हेही बघून घ्या. क्लच आणि ब्रेकच्या पेडलवरचं रबर, ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड, स्टिअरिंगची वरची बाजू आणि ड्रायव्हरच्या दाराची बिजागरी पाहा. दार अर्धं उघडून खालून वर उचलून बघा. खुळखुळलं तर ते दार पुष्कळ वेळा उघडलं गेलं आहे. कमी किलोमीटरचा पुरावा म्हणजे तारखेसकट सर्व्हिसच्या पावत्या. त्या नसतील तर त्या आकड्यासाठी एक पैसाही जास्त देऊ नका.

प्रश्न: विकणारे सगळेच ‘शंभर टक्के ओरिजिनल’ म्हणतात. मला गाड्यांमधलं फारसं कळत नाही. मेकॅनिकला नेण्याआधी मी स्वतः काय पाहू शकते?

पुष्कळ काही, आणि त्याला हत्यारं लागत नाहीत. मी स्वतः सुरुवात बॉनेटपासून करत नाही, डिकीपासून करते. बॉनेटखालचा भाग विकणारा धुऊन-पुसून ठेवतो. डिकीतली मॅट मात्र क्वचितच कुणी उचलतं.

मॅट उचला, स्टेपनी बाहेर काढा आणि तिच्या खड्ड्यात हात घाला. कारखान्यातला रंग तिथे पातळ मारलेला असतो. कोपऱ्यांत जरा खरबरीत लागतो, आणि पत्र्यांच्या सांध्यांवर ब्रशने ओढलेलं सीलंट तसंच दिसतं, ओबडधोबड. हे पाहून ‘काम खराब आहे’ असं वाटेल, पण तेच कारखान्याचं काम. सगळं गुळगुळीत आणि जाड काळ्या अंडरकोटिंगने झाकलेलं असेल, तर त्याखाली काय आहे हे विचारायलाच हवं. आता डिकीच्या कडेचं रबर बिडिंग थोडं ओढून बाजूला करा. पत्र्याच्या कडेवर ठराविक अंतरावर छोटे गोल खळगे दिसतील. ते स्पॉट वेल्डिंगचे. मागून धक्का बसून पत्रा बदललेला असेल तर बहुतेक वेळा हे खळगे गायब असतात, नाही तर त्यांच्या जागी वेल्डिंगची सलग, उंचवट्याची रेघ असते. एवढं पाहायला पाच मिनिटंही लागत नाहीत, आणि माझ्या मते गाडीबद्दलचं निम्मं सत्य तिथेच कळतं.

मग रंग. खिडक्यांच्या रबराच्या कडेला, बिल्ल्यांच्या मागे, दार उघडल्यावर दिसणाऱ्या खांबावर वेगळ्या रंगाचे शिंतोडे किंवा कड दिसते का, ते पाहा. बॉनेटच्या बिजागरीचे आणि मडगार्डचे बोल्ट पाहा. बोल्टच्या डोक्यावरचा रंग सलग असेल तर पाना लागलेला नाही. कोपरे उघडे पडले असतील तर भाग कधीतरी काढला आहे. पातळ कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक दाराच्या खालच्या भागावर आणि चाकांच्या कमानीवर फिरवा. जिथे ते चिकटत नाही, तिथे पत्र्याऐवजी पुट्टी आहे. याला अपवाद आहेत. जुन्या लँड रोव्हरचा बराचसा पत्रा ॲल्युमिनियमचा असतो, आणि पूर्व जर्मनीच्या ट्राबांटची बाहेरची अंगं राळ आणि कापसाच्या धाग्यांपासून केलेल्या ड्युरोप्लास्टची. तिथे चुंबकाचा उपयोग नाही. रंगाची जाडी मोजायचं यंत्र कुणाकडे मिळालं तर उत्तमच. मूळ रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो, दुप्पट आकडा आला तर पुन्हा रंगकाम झालं आहे, आणि ५०० च्या वर गेला तर खाली पुट्टी आहे असं समजा.

काचा विसरू नका. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात उत्पादकाचं चिन्ह कोरलेलं असतं. सगळ्या काचांवर एकच चिन्ह आणि एका काचेवर वेगळं, म्हणजे ती काच बदलली आहे. समोरची काच दगड लागून फुटते, त्याचं फार मनावर घेऊ नका. पण बाजूची काच बदलली असेल तर त्याच दाराचा पत्रा पुन्हा बघा.

शेवटी नंबर. चॅसी नंबर आणि इंजिन नंबर कागदांशी स्वतः, अक्षर न् अक्षर जुळवा. आजचा १७ अक्षरी नंबर १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपासून रूढ झाला, त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं कधीच नसतात. त्याआधी प्रत्येक कंपनीची रीत वेगळी होती, त्यामुळे छोटा नंबर दिसला म्हणून घाबरू नका. नंबराभोवती घासल्याच्या किंवा वेल्डिंगच्या खुणा दिसल्या तर मात्र गाडी कितीही आवडली असली तरी तिथून निघा. हा विषय भावाचा नाही, कायद्याचा आहे.

आणि ज्या मॉडेलकडे पाहणार आहात, त्याच्या गंजायच्या ठरलेल्या जागा आधी वाचून ठेवा. बीटलमध्ये बॅटरी मागच्या सीटखाली असते, तिच्याखालचा तळपत्रा ॲसिडने खाल्लेला असतो. दाराखालच्या, गरम हवा नेणाऱ्या पोकळ पत्र्यांचीही तीच गत. मॉरिस मायनरच्या ट्रॅव्हलर वॅगनमध्ये मागचं लाकूड शोभेचं नाही, गाडीचा मागचा सांगाडाच त्या लाकडाचा आहे, तेव्हा ते कुजलं असेल तर खर्च मोठा. सिट्रोएन टू-सीव्हीचे बाहेरचे पत्रे बोल्ट काढून बदलता येतात, म्हणून त्यांच्यापेक्षा खालची चॅसी महत्त्वाची.

प्रश्न: मी पाहिलेली गाडी मूळ स्थितीत आहे, पण काम बरंच आहे. विकणारा म्हणतो, लिलावात अशीच गाडी याच्या दुप्पट भावाला गेली. माझे मित्र म्हणतात, भंगाराचा भाव दे. रास्त भाव काढायची काही रीत आहे का?

आहे, आणि ती कागदावर करायची असते. गाडीसमोर उभं राहून नाही.

आधी आकडे कुठून आले ते पाहा. जाहिरातीतला भाव म्हणजे विकणाऱ्याची अपेक्षा. महिनोन्‌महिने तीच जाहिरात दिसते आहे, याचा अर्थ तो भाव कुणी दिलेला नाही. तुम्हाला हवा आहे तो प्रत्यक्ष व्यवहाराचा आकडा. लिलावांचे निकाल प्रसिद्ध होतात, पण तिथे हातोडा पडला तो भाव आणि खरेदीदाराचं शुल्क धरून होणारा भाव, हे दोन वेगळे असतात. कुठला छापला आहे ते बघा. आणि लिलावातली गाडी कुठल्या दर्जाची होती, तेही. हॅगर्टीसारख्या जुन्या गाड्यांचा विमा करणाऱ्या कंपनीच्या भावपत्रकात चार दर्जे असतात. पहिला प्रदर्शनात बक्षीस घेणारी गाडी, दुसरा अत्युत्तम, तिसरा चांगली चालणारी पण जवळून पाहिल्यावर उणिवा दिसणारी, चौथा चालणारी पण डोळ्यांना दिसण्याजोगे दोष असलेली. बाजारातल्या बहुतेक साध्या गाड्या तिसऱ्या-चौथ्या दर्जाच्या असतात आणि विकणारा भाव सांगतो पहिल्याचा. भांडणाचं मूळ बहुतेक वेळा एवढंच असतं.

आता रीत. त्याच मॉडेलची, तिसऱ्या दर्जाची, आज चावी फिरवून चालवत नेता येईल अशी गाडी खरोखर कितीला विकली जाते, ते काढा. त्या रकमेला १०० म्हणा. मग समोरच्या गाडीला त्या दर्जापर्यंत आणायला काय लागेल, त्याची यादी करा आणि प्रत्येक कामाचा भाव काम करणाऱ्याकडून विचारून घ्या. कल्पनेतलं एक उदाहरण घेऊ. दोन्ही बाजूंचे दाराखालचे पत्रे कापून नवे घालायचे आणि तेवढा रंग: २५. ब्रेकचे सिलिंडर आणि होस पाइप: ८. पाच टायर: ७. सायलेन्सर: ४. मागच्या दिव्याची फुटलेली काच: ५. एकूण ४९. गंजाचं काम उघडल्यावर यादी वाढतेच, म्हणून मी एकूण खर्चाच्या पाचव्या हिश्शाइतकी रक्कम वर धरते, म्हणजे इथे १०. झाले ५९, उरले ४१. आता जमेची बाजू. पहिल्या मालकाचे कागद, सर्व्हिस बुक, मूळ जॅक आणि हत्यारांची पिशवी, मूळ रंग. यासाठी मी ८ देईन. आकडा आला ४९. अशा गाडीला ४५ ते ५० हा रास्त भाव. लिलावाचा आकडा आणि भंगाराचा आकडा, दोन्ही इथे गैरलागू आहेत.

यात दोन गोष्टी सांभाळा. शंभरच्या गाडीतही जे झिजलेलं असणारच, ते पूर्ण वजा करू नका. तिचे टायर निम्मे झिजलेले असतील तर तुम्हीही टायरचा निम्माच खर्च धरा. पूर्ण धरला तर तो विकणाऱ्यावर अन्याय. टायर मात्र तारखेने बघा. २००० सालापासून टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३१४ म्हणजे २०१४ सालचा २३वा आठवडा. दहा वर्षांच्या वरचे टायर नक्षी शाबूत असली तरी बदलायचेच, ते निम्म्यात मोजायचे नाहीत.

दुसरी गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. मघाच्या यादीत दिव्याच्या काचेला ५ का? कारण साध्या गाडीत इंजिन आणि ब्रेकचे भाग सहसा मिळतात, न मिळणारे असतात ते बाहेरच्या क्रोमच्या पट्ट्या, दिव्यांच्या काचा, डॅशबोर्डचं वरचं आवरण, सीटचं त्याच नक्षीचं कापड. बीटल, मिनी, मॉरिस मायनर यांचे जवळपास सगळे भाग आजही नवे बनतात. मिनीची तर अख्खी बॉडी ब्रिटिश मोटर हेरिटेजने नव्याने बनवली आहे. बीटल २००३ पर्यंत मेक्सिकोत तयार होत होती आणि एकूण २ कोटी १५ लाखांवर गाड्या निघाल्या; तिथे सुट्या भागांची चिंता कशाला? पण ज्या सेडानवर कुणी प्रेम केलं नाही, तिची दिव्याची काच कुणीच बनवत नाही. ती दुसऱ्या गाडीवरूनच येणार. त्यामुळे अशा मॉडेलमध्ये इंजिन दमलेलं पण सगळे छोटे भाग जागेवर असलेली गाडी, नवं इंजिन घातलेल्या अर्धवट गाडीपेक्षा मी केव्हाही जास्त किमतीची धरते.

वजाबाकी करता करता उत्तर १५-२० च्या खाली गेलं, तर ती गाडी सुटे भाग काढायला ठीक, चालवायला नाही. साधी गाडी पूर्ण नव्यासारखी करायचा खर्च तिच्या विक्रीतून कधीच भरून येत नाही, कारण वेल्डिंगवाल्याच्या एका तासाची मजुरी महागड्या गाडीलाही तेवढीच आणि साध्या गाडीलाही तेवढीच. म्हणून साध्या गाडीत पैसे थोडे जास्त गेले तरी परवडणाऱ्यातली सगळ्यांत शाबूत गाडी घ्यावी.

तयार यादी विकणाऱ्याला दाखवा. नुसता आकडा फेकला की माणूस दुखावतो. कामाची यादी आणि त्यांचे भाव समोर ठेवले की बोलणं गाडीबद्दल होतं. एखादं काम त्याने आधीच करून घेतलेलं असतं आणि पावती निघते. मग तेवढे पैसे मोकळेपणाने वाढवा.

प्रश्न: गाडी मूळ रंगात आहे, पण डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर, पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन, मागे सीटबेल्ट आणि ॲलॉय चाकं आहेत. ही ‘मॉडिफाय’ केलेली गाडी म्हणायची का? किती कमी करू?

मी एकच विचारते: मूळ भाग आहे का, आणि तो परत बसवायला काही कापावं किंवा भरावं लागेल का? अल्टरनेटर (डायनॅमोसारखंच बॅटरी चार्ज करणारं यंत्र) आणि इग्निशन (प्लगला ठिणगी देणारी यंत्रणा) बोल्ट काढले की निघतात. जुना डायनॅमो आणि डिस्ट्रिब्युटर खोक्यात ठेवलेले असतील तर काहीही कमी करू नका. गाडी रोज चालवणार असाल तर ही कामं तुमच्याच फायद्याची आहेत. सीटबेल्ट नीट, मजबूत पत्र्यात बसवले असतील तर मी त्याचं स्वागतच करते. ॲलॉय चाकांसाठी मूळ पाच स्टीलची चाकं आणि त्यांच्या टोप्यांची किंमत वजा करा. ॲलॉय चाकांचे वेगळे पैसे विकणारा मागेल, ते द्यायचे नाहीत. तुम्हाला ती नकोच आहेत.

मोठ्या इंजिनासाठी कापलेला पत्रा, स्पीकरसाठी दारांना पाडलेली भोकं, रुंद चाकांसाठी मुडपलेल्या कमानी, बदललेलं डॅशबोर्ड हे सगळं परत न येणारं. अशा गाडीला मी मूळ स्थितीतल्या गाड्यांच्या भावाशी जोडतच नाही. तिचा बाजार वेगळा, तिचे गिऱ्हाईक वेगळे. दारातल्या स्पीकरच्या भोकांबद्दल अनेकांना वाटतं की पॅनेल बदललं की झालं. पण बेस मॉडेलचं दाराचं पॅनेल शोधायला निघा, मग कळतं.

इंजिनातला एक बदल मात्र जमेच्या बाजूला लिहा. जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व्ह सीट, म्हणजे इंजिनाच्या झडपा जिथे टेकतात त्या कड्या, शिसं मिसळलेल्या पेट्रोलवर अवलंबून होत्या. जगातली गाड्यांसाठीची शिशाच्या पेट्रोलची विक्री २०२१ साली अल्जेरियात शेवटची थांबली. इंजिनाच्या हेडमध्ये (वरच्या भागात) कठीण व्हॉल्व्ह सीट बसवून घेतल्याची पावती असेल तर तो खर्च तुमचा वाचला. इंधनाचे रबरी पाइप इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला टिकणारे आहेत का, तेही विचारा. नसतील तर लगेच बदला, त्यात आगीचा धोका असतो.

प्रश्न: मूळ रंग आहे, पण छतावर आणि बॉनेटवर पूर्ण उडाला आहे. घेतल्यावर रंगवावी का?

थांबा. जुन्या गाड्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, म्हणजे फिव्हाच्या व्याख्येतही भर आहे तो गाडी किमान ३० वर्षांची आणि इतिहासाला धरून मूळ स्थितीत जपलेली असण्यावर. नवी दिसण्यावर नाही. आधी छताच्या कोपऱ्यात हातभर जागेवर हलकं पॉलिश हाताने लावून पाहा. सपाट, पांढुरका पडलेला जुना एकेरी रंग (वर पारदर्शक थर नसलेला) पुष्कळदा खुलतो. कापडावर गाडीचा रंग उतरला तर घाबरू नका, ती त्या रंगाची रीतच आहे. मात्र यंत्र लावू नका, कडांवर रंग फार पातळ असतो. पत्रा उघडा पडून गंज धरत असेल तर तेवढाच भाग रंगवा.

प्रश्न: माझ्या सासऱ्यांची गाडी त्यांच्या माघारी बरीच वर्षं शेडमध्ये उभी आहे. एक जण लगेच रोख द्यायला तयार आहे, आकडा मात्र फार कमी वाटतो. दुसरे नातेवाईक म्हणतात, धूळ पुसू नका, ‘शेडमध्ये सापडलेली’ म्हणून जास्त पैसे येतील. विकण्याआधी काय करावं?

तुमच्या दुःखात मी सहभागी आहे. अशा वेळी लोक घाई करायला लावतात, करू नका.

धुळीचे पैसे मिळत नाहीत. मिळतात ते धुळीखालच्या शाबूत गाडीचे, आणि ती दिसायला धूळ जायला हवी. फोटो काढून घ्या, मग साध्या पाण्याने आणि मऊ कापडाने धुवा. रंगकाम, नवी सीट कव्हरं, नवे टायर यांवर मात्र खर्च करू नका. सासऱ्यांच्या गाडीची किंमत ती कुणी छेडलेली नाही यातच आहे, आणि घाईने मारलेला रंग तीच काढून घेतो.

मग घर शोधा. खरेदीची पावती, सर्व्हिस बुक, जुने विम्याचे कागद, दुसरी चावी, चाकाची निघालेली टोपी, जॅकचं हँडल. हे ट्रंकेत, माळ्यावर, फाइलीत विखुरलेलं असतं आणि घरच्यांना कचरा वाटतं. मघाच्या हिशोबात अशाच वस्तूंचे मी ८ दिले. नाव वारसाकडे लावायची कायदेशीर प्रक्रिया आधी पूर्ण करा. कागद अपुरे असले की खरेदीदार भाव पाडतो, आणि ते चूकही नाही.

‘एकदा स्टार्ट करून दाखवू’ हा मोह कुणालाही होऊ देऊ नका. टाकीतलं जुनं पेट्रोल खराब होऊन चिकट झालेलं असतं, आणि सिलिंडरच्या भिंतींवर तेल उरलेलं नसतं. मेकॅनिकला बोलावून प्लग काढायला सांगा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं तेल घालून दिवसभर तसंच ठेवा, मग क्रँकच्या पुलीवर पाना लावून हाताने इंजिन फिरतं का ते बघा. फिरलं, तर जाहिरातीत तेवढंच लिहा: ‘इंजिन हाताने फिरतं, सुरू केलेलं नाही.’ जाणकार खरेदीदाराला हे वाक्य चालू इंजिनाच्या व्हिडिओपेक्षा जास्त भरवशाचं वाटतं. बॉनेट उघडल्यावर वायरिंगवर उंदरांचे दात आणि बॅटरीखालचा पत्रा पाहून ठेवा, ते दोष जाहिरातीत आपणहून सांगा.

आणि वरच्या उत्तरातली शंभरची रीत तुम्हीही वापरा, विकणाऱ्याच्या बाजूने. यादी करून आकडा काढा. रोख देणाऱ्याचा आकडा त्याच्या जवळपास असेल तर माणूस सरळ आहे, द्या. फार खाली असेल तर त्याला त्याची यादी मागा. क्लबातल्या एखाद्या जाणकाराला गाडी दाखवण्याआधी टोकन घेऊ नका.